साडेनऊला यादी बंद

राजापेठेतल्या किराणा दुकानात प्रणाली वानखडे बिस्किटांचे पुडे निवडत उभी होती. फळं न्यायची सोय नव्हती. जिच्या भेटीला निघायचं ती मुलगी अकोल्याच्या एका फळवाल्याची, आणि फळवाल्याच्या पोरीला संत्री घेऊन जाण्याइतका विनोद सोमवारी सकाळी कुणाला सुचत नाही. म्हणून बिस्किटं. क्रीमची घ्यावीत की साधी, डोक्याला मार लागलेल्या माणसाला काय चालतं, असं मनात घोळत असतानाच हातातला मोबाइल थरथरला. किशोरचा मेसेज होता. किशोर म्हणजे अकोल्याच्या मुलींच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक. ‘मॅडम, नईमाचं नाव यादीत होतं पन ती मॅचमधी उतरली नाही. हजेरीचे दोन गुण धराचे का? पंजाबराव सर इचारून राह्यले.’ खाली जोडलेले दोन हात. प्रणाली तो वाचत होती आणि वाचता वाचताच तिच्या डोक्यात नियमावलीचं पान उघडलं. नियम सहावा : यादीत नाव असलं तरी पहिल्या शिट्टीला खेळाडू मैदानात नसेल तर हजेरीचे गुण नाहीत. उत्तर तयार होतं, बिनचूक होतं, आणि तिच्या अंगठ्यानं ‘नाही’तला ‘न’ दाबलासुद्धा होता. मग कुठे तिला कळलं की आपण काय करतोय. पोटातून काहीतरी वर आलं आणि घशाशी आंबट होऊन थांबलं. किशोरची किळस आली, पंजाबरावांची आली, पण त्या दोन्ही मागाहून आल्या. पहिली आली ती स्वतःच्या अंगठ्याची. तिनं तो ओढणीला पुसला. ‘मॅडम, क्रीमवाले देऊ का साधे?’ दुकानदारानं विचारलं. साधे, ती म्हणाली.

ऑटोनं ती बसस्टँडवर आली, अकोल्याची गाडी लागलेलीच होती, खिडकीची जागाही मिळाली. सगळं इतकं सुरळीत झालं की तिला त्याचाही राग आला. बडनेऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना मोकळं रान लागलं आणि तिनं कपाळ काचेला टेकवलं. काच तेलकट होती. तिच्याआधी कितीजणांनी कपाळं टेकवली असतील देव जाणे. काल, रविवारी, अकोल्याच्या मैदानावर सामन्याआधीच्या सरावात नईमाच्या हेल्मेटवर कानशिलाजवळ चेंडू बसला. नईमा अकोल्याची गोलकीपर, बारावी होऊन एक वर्ष झालेली, हाडापेरानं मोठी, हसली की खालचे दात दिसणारी. ती आधी गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली, आणि हेल्मेट काढायच्या आतच तिला उलटी झाली. हेल्मेटच्या जाळीतून ती बाहेर आलेली प्रणालीनं पाहिली होती. किशोरनं तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दुसरी गोलकीपर उभी केली, सामना झाला. प्रणाली सामनाधिकाऱ्यांच्या टेबलावर होती, तिनं अहवालात स्वच्छ अक्षरात लिहिलं : सरावादरम्यान दुखापत. हे खरंच होतं. एवढंच की, शनिवारी अमरावतीच्या सामन्यात तिला पहिला मार बसला होता आणि रविवारी सकाळपासून तिला एकाचे दोन दिसत होते, हे त्या सरावाच्या आधी मैदानावर तिच्याशिवाय एका माणसाला माहीत होतं. ते माणूस टेबलावर बसून घड्याळ बघत होतं. आज नईमाच्या बापाला हे सांगायचं, असं ठरवून प्रणाली घरातून निघाली होती. निदान निघताना तरी तिनं तसं ठरवलं होतं.

मूर्तिजापूर येईपर्यंत सांगायचं कसं याची जुळवाजुळव करून पाहिली. जमेना. कारण घड्याळ कशासाठी बघत होतीस, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येईना, आणि ते सांगायचं तर फॅन्टसी, म्हणजे कागदावरच्या टीमांचा तो खेळ, सांगायला हवा, आणि फॅन्टसी एका फळवाल्याला कशी सांगायची? तीन वर्षांपूर्वी तिच्याच डोक्यातून ती निघाली होती. प्रणाली कॉलेजात असताना लेफ्ट हाफ खेळायची. विद्यापीठाच्या रंगाची जर्सी घालून शेवटचा सामना खेळली तेव्हा प्रेक्षकांत मैदानाचा चौकीदार आणि त्याची शेळी होती, आणि शेळी अर्ध्या वेळेनंतर गेली. पुढे कॉलेजातच कारकून झाली, लग्न केलं, मग पुन्हा एकटी राहिली, आणि दर हिवाळ्यात वऱ्हाडातल्या सहा संघांच्या मुलींच्या साखळी सामन्यांना गुणलेखक म्हणून बसू लागली. मुली जीव काढून खेळायच्या आणि पाहायला कुणी नसायचं. मग तिला वाटलं, माणसाला दुसऱ्याचा खेळ बघवत नाही, स्वतःचा बघवतो. तर प्रत्येकाला थोडा थोडा त्याचा करून देऊ. आठजण जमवले. जुने खेळाडू, क्रीडाशिक्षक, धामणगाव रेल्वे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले पंजाबराव सर, प्रशिक्षक किशोर. राजापेठेतल्या खानावळीच्या माळ्यावर बैठक झाली. चिठ्ठ्या टाकून क्रम काढला. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलटा, आठ ते एक, म्हणजे शेवटच्यावर अन्याय नको. प्रत्येकानं सहा संघांतून आठ आठ मुली निवडायच्या आणि कागदावर आपापली टीम करायची. मुली खऱ्या मैदानात खऱ्या संघाकडून खेळतील, त्या काय करतील त्याचे गुण कागदावरच्या टीमला. गोलाचे पाच, गोल करून देणाऱ्या पासचे तीन, नुसत्या हजेरीचे दोन, गोलकीपरनं एकही गोल खाल्ला नाही तर सहा. हिरव्या कार्डाला एक वजा, पिवळ्याला तीन. आपली मुलगी सोडून कुणी न निवडलेली दुसरी घेता येई, पण सामन्याच्या दिवशी साडेनऊला यादी बंद, त्यानंतर कुणी मुलगी आत-बाहेर करायची नाही. पैसा एक नाही. हंगाम संपला की खालच्या चौघांनी वरच्या चौघांना शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी करून घालायची, बस. नियमावली प्रणालीनं लिहिली. ती कुणाची नव्हती, तिची टीम नव्हती. ती सगळ्यांच्या वर, निष्पक्ष. तो शब्द तिला तेव्हा फार आवडला होता.

आणि माणसं आली की खरंच. पहिल्या हंगामात अमरावतीच्या मैदानावर साठ-सत्तर माणसं उभी राहिलेली पाहून तिला टेबलावर रडू आलं होतं. ते रडणं आठवून आता तिला अंग चोरावंसं वाटलं. माणसं येत होती, पण बघत काय होती? ‘पास नोको देऊ, सोता मार,’ असं एका चाळिशीच्या माणसानं सोळा वर्षांच्या पोरीवर ओरडताना तिनं ऐकलं होतं, कारण पुढची पोरगी त्याच्या टीमची नव्हती. पोरी त्यांना ‘माही’ आणि ‘तुही’ झाल्या. माही राइट आउट, तुही सेंटर हाफ. स्वतःला ते मालक म्हणवून घ्यायचे, हसत हसत, आणि मग न हसता. दुसऱ्या वर्षीच्या बैठकीत एकजण म्हणाला, ‘हिचं लग्न जुळून राह्यलं, हिले घेऊ नोका, फेब्रुवारीत गेली समजा,’ आणि सगळ्यांनी मान हलवून त्या मुलीच्या नावावर काट मारली. तेव्हा प्रणाली चिडली नव्हती. तिनं पुढच्या वर्षी तक्त्यात एक रकाना वाढवला : उपलब्धता. म्हणजे माहिती सगळ्यांना सारखी मिळावी. रोडग्यांच्या पंगतीत तूप हनुवटीवरून ओघळत असताना कुणाच्या मांडीत दम आहे आणि कुणाच्या पायांच्या काड्या आहेत याची चर्चा व्हायची, आणि ती तिथे बसून वांग्याची भाजी खात होती. पंजाबराव सर तर किती सज्जन माणूस. नईमाला त्यांनी तिसऱ्या फेरीत घेतलं आणि दर सामन्याला तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देऊ लागले. तो हातही आता प्रणालीला हेल्मेटवर ओला पडल्यासारखा दिसत होता. मुलींना तरी काय, त्यांना सगळं कळत होतं. नईमानं एकदा लाजत विचारलं होतं, ‘मॅडम, मी कितव्या फेरीत गेली?’ आणि प्रणालीनं कौतुकानं सांगितलं होतं. त्या कौतुकाची चव तिला आत्ता, मूर्तिजापूरच्या स्टँडवर, गाडीत शिरलेल्या मिरचीभज्यांच्या वासात, जिभेवर स्पष्ट लागली.

आणि ती सोळा मिनिटं. ती सोळा मिनिटं अशी एकदम आली नव्हती, तिच्या मागेही एक नियम होता. गेल्या वर्षी अकोल्याच्या तेव्हाच्या गोलकीपरला ताप होता. ती गोष्ट फक्त किशोरला माहीत, कारण तो तिचा प्रशिक्षक. त्यानं सकाळी नऊलाच आपल्या कागदी टीममध्ये समोरच्या संघाच्या तीन फॉरवर्ड मुली भरल्या. खऱ्या मैदानात त्याच्या संघानं पाच गोल खाल्ले आणि कागदावर तो जिंकला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसती जुंपली होती. कुणी किशोरला लबाड म्हणालं, कुणी प्रणालीला कच्ची म्हणालं. कच्ची हा शब्द तिला झोंबला. तापातल्या पोरीला उभी का केली, हे मात्र कुणी विचारलं नाही, तिनंही नाही. तिनं नियम केला : खेळाडूच्या तब्येतीची बातमी साडेनऊच्या आधी कळली तर ती सगळ्या मालकांना एकदम सांगायची, नाहीतर कुणालाच नाही. काल नऊ दहाला नईमा टेबलाशी आली. पॅड बांधलेले, हेल्मेट काखेत. ‘मॅडम, एक सांगू? काल मॅचमधी डोक्शाले लागलं तवापासून डोकं लै जड हाये,’ ती म्हणाली, आणि खालचे दात दाखवत हसली. ‘तुमी मले दोन दिसून राह्यल्या.’ प्रणाली म्हणाली, ‘बस जरा, पाणी पी. मी सांगते सरले.’ आणि उठली. किशोर चाळीस पावलांवर शिट्टी गळ्यात घालून उभा होता. चाळीस पावलं. दहाव्या पावलावर ती थांबली. याला आत्ता सांगितलं तर हा गेल्या वर्षीसारखंच करणार, यादी बंद व्हायला वीस मिनिटं आहेत. मग ग्रुपवर टाकावं, सगळ्यांना एकदम. तिनं मोबाइल काढून अर्धं वाक्य टाइपही केलं. पण पंजाबराव सर अमरावतीहून एस्टीनं येत होते आणि वाटेत त्यांचा फोन लागत नव्हता. नईमा त्यांचीच, म्हणजे सात जणांना कळणार आणि ज्याची आहे त्यालाच कळणार नाही. हा अन्याय झाला असता. तर साडेनऊ होऊ द्यावेत, यादी बंद होऊ द्यावी, मग किशोरला सांगावं. सामना दहाला आहे, भरपूर वेळ आहे. ती टेबलावर परत आली. आपण फार विचारपूर्वक वागलो असं तिला वाटलं होतं, आणि हे वाटणंच तिला आता सगळ्यात घाणेरडं वाटत होतं. किशोरनं सरावासाठी हाक मारली, नईमा उठली, हेल्मेट घालून गेली. प्रणालीनं तिला जाताना पाहिलं. घड्याळात पाहिलं. नऊ सव्वीसला चेंडू लागला तेव्हा तिच्या मनात आलेली पहिली गोष्ट अशी होती की अजून चार मिनिटं आहेत. नईमा पडलेली दिसत होती, उलटी जाळीतून बाहेर येत होती, आणि चार मिनिटं आहेत.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर सहा खाटांची खोली होती. नईमा खिडकीकडच्या खाटेवर पडून होती, डोळ्यांवर रुमाल. शेजारी स्टुलावर तिचा बाप बसला होता, अब्दुल सत्तार, पांढऱ्या दाढीचा, उन्हानं रापलेला. प्रणालीला पाहून तो उठला आणि स्टूल पुढे केलं. ‘या मॅडम, बसा. इतक्या दुरून आल्या.’ बसायला दुसरं काही नव्हतं, तो उभाच राहिला, आणि त्याच्या उभं राहण्यानं प्रणालीला स्टुलावर नीट टेकता येईना. तो सांगू लागला. डॉक्टर म्हणतात, आत रक्त नाही, पण पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला, असं फार वाईट असतं, नशीब म्हणायचं. ‘म्या तिले इचारलं, शनिवारी लागलं होतं तं सांगतलं कावून नाही? म्हने, कोनालेच सांगतलं नाही. आता काय म्हनावं? सरचा धाक वाटला असन. पन म्या म्हन्लं, वानखडे मॅडम होत्या न तिथं, त्याइले सांगाचं होतं.’ तो प्रणालीकडे वळला. ‘तुमाले मालूम असतं तं तुमी तिले उतरू देल्ली असती काय?’ त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. त्याला उत्तर माहीत होतं. तेवढ्यात नर्सनं दारातून हाक मारली, औषधाची चिठ्ठी दिली, आणि तो खाली गेला.

नईमानं रुमाल काढला. ‘मॅडम, अब्बाले सांगू नोका.’ आवाज बारीक पण घाईचा होता. ‘म्या सांगतलं का कोनालेच मालूम नव्हतं. तुमाले मालूम होतं असं त्याइले समजलं न, तं थे मले जिंदगीत स्टिक धरू नाही देनार. म्हनतीन, तिथं पोरीले कोनी पाहनारं नाही. तीन हप्त्यानं फायनल हाये, मॅडम. मी चांगली हावो आता. एकच दिसते.’ प्रणालीच्या अंगातून सुटल्यासारखं काहीतरी खाली गेलं. किती बरं वाटलं तिला. दोन दिवस घट्ट बसलेला बूट कुणीतरी पायातून ओढून काढावा तसं बरं वाटलं. कुणाला कळणार नव्हतं, आणि न कळण्यात मुलीचंच भलं होतं, तिचीच इच्छा होती. याहून सोयीचं काय असतं? हसूसुद्धा आलं असतं तिला. मग ते बरं वाटणं तिला आपल्या आत बसलेलं दिसलं, पंगतीतल्या माणसासारखं, हनुवटीवर तूप, आणि घशाशी सकाळचं आंबट पुन्हा आलं. ती नईमाकडे बघत राहिली. नईमा तिच्याशीच बोलत होती, पण बोलताना तिची नजर प्रणालीच्या चेहऱ्यावर नव्हती. चेहऱ्याच्या डावीकडे चार बोटं, जिथे कुणी नव्हतं, तिथे ती आर्जवानं पाहत होती. पोरगी साफ खोटं बोलत होती. आणि तीन आठवड्यांनी ती अशीच हेल्मेट घालून उभी राहणार होती, दोन चेंडूंतला खरा कोणता ते ओळखत. प्रणालीनं तिच्या हातावर हात ठेवला. नईमाला वाटलं, जमलं. ती हसली.

अब्दुल सत्तार औषधं घेऊन आला तेव्हा प्रणाली उभी होती. ‘तिनं मले सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘काल सकाळी नऊ दहाला. डोकं जड आहे, दोन दिसतात, हे सगळं सांगितलं होतं.’ नईमाचा हात तिच्या हाताखालून निघून गेला. बापानं विचारलं, ‘मंग?’

मग प्रणालीनं सगळं सांगितलं. बसमध्ये जे जुळत नव्हतं ते आता आपोआप येत गेलं, आणि आलेलं ऐकवत नव्हतं. आठ माणसं. खानावळीचा माळा. चिठ्ठ्या. पोरी निवडायच्या, प्रत्येकी आठ. गोलाचे पाच, पासचे तीन. साडेनऊ. टीम, गुण, यादी असे इतके दिवस सहज वापरलेले शब्द त्या दवाखान्याच्या खोलीत औषधाच्या वासात एकेक करून उघडे पडत होते. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवून ऐकायला सुरुवात केली. अब्दुल सत्तारनं मध्ये एकदाच विचारलं, ‘माह्या पोरीले कोनं घेतलं होतं?’ प्रणालीनं पंजाबराव सरांचं नाव सांगितलं. ‘थे म्हातारे? डोक्शावर हात ठेवते थे?’ ती हो म्हणाली. तिला वाटत होतं त्यानं ओरडावं. सगळ्या खोलीदेखत काहीतरी घाण बोलावं, म्हणजे ते अंगावर घेऊन निघून जाता येईल. बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशीही एक आशा होती. ते हलकं वाटणं आलंच नाही. आपण हे पोरीसाठी सांगतोय की स्वतःची घाण दुसऱ्याच्या अंगणात टाकतोय, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं. तिनं सोळा मिनिटं म्हटलं, आणि तेही सांगून संपलं.

अब्दुल सत्तारनं औषधाची पिशवी खाटेखालच्या डब्यावर ठेवली. आवाज चढला नाही. ‘मॅडम, मी बी माल छाटतो,’ तो म्हणाला. ‘पस्तीस साल झाले. एक नंबर, दोन नंबर, सारं करतो. धंदाच थो हाये. पन मार लागलेलं फळ हाताले लागलं का मी थे त्याच वक्ती बाजूले ठेवतो. त्याच्यासाठी घडी नाही पाहत.’ मग मुलीकडे न बघता म्हणाला, ‘आता थे खेळनार नाही. झालं.’

प्रणालीनं पर्स खांद्याला लावली. निघण्याआधी तिनं नईमाकडे पाहिलं. नईमा रडत नव्हती. ती प्रणालीचा चेहरा शोधत होती. नजर एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे, आणि शेवटी बरोबर जागी येऊन थांबली. तिच्या तोंडावर जे होतं तो राग नव्हता. ते काय होतं हे प्रणालीला कुणी सांगायची गरज नव्हती, सकाळपासून ती तेच आंबट गिळत होती.

‘काल बी न आज बी, दोनी खेपी म्या फक्त तुमालेच सांगतलं होतं, मॅडम,’ नईमा म्हणाली, आणि रुमाल पुन्हा डोळ्यांवर ओढून घेतला.